अर्धा आटा जास्त

लातूर, ९ एप्रिल २०००

अकरमभाई,

शरणार्थ. अम्मीला माझा सलाम सांग.

पत्राचं कारण आपली पिकअप. आपली म्हणतो, रागावू नको. उस्तादांनी ती मला देऊन दीड वर्ष होऊन गेलं, तरी माझ्या तोंडून अजून 'उस्तादांची गाडी' असंच निघतं.

लातूर आता तू पाहिलेलं लातूर राहिलं न्हाई. दहावीचा निकाल लागला की साऱ्या मराठवाड्यातनं पोरं इथं क्लासला येतात. कुणी हिमायतनगरचं, कुणी उदगीरचं. सोबत पत्र्याची पेटी, गादी, कूलर अन् रडणारी आई. एसटीवाला कूलर चढवू देत न्हाई, तिथं माझा धंदा सुरू होतो. गेल्या जूनमध्ये गॅरेज सांभाळून मी लई सामान वाहिलं. पण गाडी म्हातारी झाली. अहमदपूरच्या चढावर दुसऱ्या गिअरात रडती. परवा मागनं ट्रॅक्टरवाला हॉर्न देत होता. ट्रॅक्टरवाला, अकरमभाई. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून या जूनच्या आत इंजनात ताकद भरायची हाय. इथल्या भंगारात एका ट्रकचा टर्बो चांगला मिळून राहिला. अंजूला समजावून सांगितलं, धुराच्या जोरावर फिरणारा पंखा हाय, इंजनाच्या छातीत जास्तीची हवा भरतो. ती म्हणाली, तुमची छाती काय कमी फुगलीय का. बायकोजात.

गुरुवारी उस्ताद आले होते, ते म्हणाले बसव. तुझं काय मत हाय ते कळव. डिझेलचा पंप किती वाढवावा, इंजनाच्या हेडला काही करावं का, सगळं लिही.

तुझा,
मल्लिनाथ

*

देगलूर नाका, नांदेड, १७ एप्रिल

मल्लू,

उर्दू तुला वाचता येत न्हाई म्हणून मराठीत लिहितो. चुका झाल्या तर पोटात घाल.

गुरुवारी अब्बा लातूरला आले होते हे तुझ्या पत्रावरून कळलं. घरी ते डोळ्याच्या डॉक्टरकडं जातो म्हणून सांगून निघाले होते. महिन्यातनं दोन गुरुवार जातात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, अत्तराचा बोळा कानात. अम्मी म्हणायची, डॉक्टरला एवढं अत्तर कशाला. आता उलगडा झाला. माझं गॅरेज घरापासून हाकेच्या अंतरावर हाय. तिथं ते सहा महिन्यांत एकदा येतात, उभ्या उभ्या इंजनात डोकावतात, 'हं' म्हणतात अन् चालू लागतात. अन् तुझ्यासाठी एसटीचे धक्के खात लातूर.

मी जळतो, मल्लू. लपवत न्हाई. भूकंपाच्या साली हीच पिकअप घेऊन अब्बा किल्लारीकडं गेले. जाताना गाडीत पाण्याच्या टाक्या अन् भाकऱ्या होत्या, येताना तू होतास. तुझं सगळं गेलं होतं, त्याचं मला वाईट वाटलं, आजपण वाटतं. पण तू मांस खात न्हाईस म्हणून अम्मीनं तुझा तवा वेगळा केला, अन् त्या तव्यावरची पहिली भाकर गरम गरम तुला. मी माझ्याच घरात दुसऱ्या भाकरीचा धनी झालो. मग गाडी पण तुला. मी काही बोललो न्हाई. आज बोलतो.

आता तुझ्या कामाचं. टर्बो बसव, पण आधी ब्रेक नवे कर. चढायची ताकद आली की उतरायची पण लागते. हेडचे बोल्ट बदल, जुने ताणून ताणून थकलेत. अन् नीट वाच: पंपाचा डिझेलचा स्क्रू अर्ध्या आट्याच्या वर उघडू नको. काळा धूर निघाला की लोकांना वाटतं गाडीत जोर आला. जोर न्हाई येत, हेडखालचा गॅसकेट जळून जातो.

माझं तुझ्याशी वाकडं असेल, इंजनाशी न्हाई.

अकरम

*

लातूर, २८ मे

अकरमभाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा पण आला.

तव्याचं तू काढलंस म्हणून सांगतो. ती पहिली भाकर माझ्या घशाखाली उतरायची न्हाई. समोर तू बापाच्या मांडीला मांडी लावून बसलेला असायचा. माझा बाप जिथं झोपला होता तिथंच राहिला. गरम भाकरीचं काय करू मी. पण जाऊ दे.

गाडीचं ऐक. टर्बो बसला. ब्रेक केले, बोल्ट बदलले, तेवढं तुझं ऐकलं. शिवाय एक लई भारी गोष्ट केली. टर्बोतनं निघणारी हवा तापलेली असती, ती तशीच इंजनात गेली तर जोर निम्मा. म्हणून भंगारातल्या मोटारीचा छोटा रेडिएटर समोरच्या जाळीमागं बसवला अन् हवा त्याच्यातनं थंड करून आत सोडली. जोडाला ट्रकच्या रेडिएटरचा रबरी पाईप, त्यावर दोन दोन क्लिपा, एकीचं तोंड इकडं, एकीचं तिकडं, म्हणजे हादऱ्यानं सुटत न्हाईत. उस्तादांनी स्वतः समोर राहून करून घेतलं. दिवसभर उन्हात स्टूल टाकून बसले होते. अंजूनं शेंगाची चटणी अन् भाकरी केली तर दोन खाल्ल्या. तुमच्या घरी एक खातात म्हणं.

चढावर चाचणी घेतली. मागं ज्वारीची पोती. तिसऱ्या गिअरात सरसर चढली. उस्ताद शेजारी बसले होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले वाऱ्यानं आलं.

स्क्रूचं बघतो. अर्धा आटा मला कमी वाटून राहिलाय. तुझ्या सल्ल्याला जरा जळका वास येतो, अकरमभाई, माफ कर. माझ्या गाडीनं फार पळू नये असं तुला वाटणं साहजिक हाय.

मल्लिनाथ

*

नांदेड, ६ जून

मल्लू,

जळका वास कुठनं येतो ते आता मी सांगतो.

मोटारीचा छोटा रेडिएटर, जाळीच्या मागं. थंड हवा. दोन क्लिपा, उलट्या तोंडाच्या. हे सारं गेल्या दिवाळीत अर्धापूरच्या केळीच्या टेम्पोला मी केलं. मी. कुणी शिकवलं न्हाई, कुठं पाहिलं न्हाई. तीन रेडिएटर फुकट घालवले तेव्हा कुठं जमलं. त्या टेम्पोवाल्याची केळी आता सगळ्यांच्या आधी बाजारात उतरतात. उलट्या क्लिपांची खोड उभ्या नांदेड जिल्ह्यात एकट्या अकरमची हाय, कुणालाही विचार.

टेम्पो तयार झाला तेव्हा मी अब्बांना हाताला धरून दाखवायला आणलं होतं. टर्बोची शिट्टी ऐकली अन् चार लोकांत काय म्हणाले, ठाऊक हाय? 'हा टेम्पो हाय का पिपाणी?' लोक हसले. मी पण हसलो, काय करणार.

त्याच पिपाणीचा नमुना त्यांनी गुपचूप उचलला अन् तुला नेऊन दिला. स्वतःच्या पोराचं काम पोराच्या नावानं नेण्याइतकं पण त्यांना वाटलं न्हाई. तू 'उस्तादांनी करून घेतलं' म्हणून नाचतोयस, नाच. चोरी त्यांनी केली, चैन तू करून राहिला.

एक बातमी देतो. माझा पासपोर्ट आलाय. इथल्या एका ओळखीच्या माणसाचं दम्माममध्ये मोठं वर्कशॉप हाय, ट्रकची कामं. त्यानं बोलावलंय. पुढच्या महिनाअखेरीला निघतो. गॅरेज बंद. हत्यारं विकायला काढलीत. तिथला मालक परका असला तरी निदान चांगल्या कामाला चांगलं म्हणतो म्हणं. मला तेवढंच पाहिजे, दुसरं काही नको.

अब्बांना एवढ्यात सांगू नको. अम्मीला मी सांगीन. बुशराला, म्हणजे माझ्या बायकोला ठाऊक हाय, ती रडून मोकळी झाली.

अकरम

*

लातूर, १४ जून

अकरमभाई,

तुझा निर्णय तुझा. मी लहान माणूस, मी काय बोलणार. सौदीला पैसा चांगला हाय म्हणतात.

उस्तादांना मी काही सांगणार न्हाई, खात्री ठेव. तू गेल्यावर त्यांची काळजी करू नको. मी हाय इथं. वाटलं तर त्यांना अन् अम्मीला लातूरला घेऊन येतो. खोली रिकामीच हाय. अंजूनं तवा पण वेगळा आणून ठेवलाय.

सामानाचा हंगाम सुरू झाला. बोलायला फुरसत न्हाई.

मल्लिनाथ

*

नांदेड, १९ जून

मल्लू,

तू हायस, तेच तर माझं दुखणं हाय. लातूरला तवा कशाला आणला, आमचंच घर उचलून ने. भूकंपात गेलेलं तुझं सारं तुला मिळालं, माझं असलेलं पण मिळालं. बरकत हाय तुझी.

यापुढं पत्र लिहू नको. जाताना मी कुणाला भेटणार न्हाई.

अकरम

*

लातूर, ३० जून

अकरमभाई,

तू लिहू नको म्हणालास तरी लिहितो, कारण माझं डोकं फिरलंय. काल अहमदपूरच्या चढावर गॅसकेट गेला.

होय, तुझंच खरं झालं. स्क्रू मी आणखी अर्धा आटा उघडला होता. गरज होती म्हणून न्हाई. तू अर्धा म्हणालास म्हणून. तुझ्या मापावर माझी गाडी चालू नये असं वाटलं मला. गाडीत क्लासच्या पोरांच्या पेट्या, दोन पोरांचे बाप मागं बसलेले, अन् शेजारी उस्ताद. निम्म्या चढावर पांढरी वाफ, काळा धूर, अन् गाडी बसली. मागनं तोच ट्रॅक्टरवाला आला, देवाची करणी. हॉर्न न देता बाजूनं निघून गेला, ते जास्त लागलं.

उस्ताद उतरले. बॉनेट उघडलं, पंपाकडं पाहिलं. मला वाटलं आता खाऊन टाकतात. त्यांनी मला शिवी दिली असती तर मी डोक्यावर घेतली असती. त्यांनी विचारलं काय? 'अकरमनं किती सांगितला होता?'

मी म्हणालो, अर्धा.

'मग अर्धाच असणार,' म्हणाले. अन् रस्त्याच्या कडेला एका पोराच्या पत्र्याच्या पेटीवर बसले, अन् सुरू झाले. त्या दोन बापांना सांगून राहिले. माझा अकरम असा, माझा अकरम तसा. इंजनाच्या आवाजावरनं कुठला सिलिंडर कमी मारतो ते सांगतो. केळीच्या टेम्पोला त्यानं जे केलं ते मला चाळीस वर्षांत सुचलं न्हाई. ते बाप आपल्या पोरांच्या ॲडमिशनच्या काळजीत, त्यांना काय पडलंय, पण मान डोलवत होते. मी उन्हात हेडचे बोल्ट खोलत होतो अन् हे कानांवर पडून राहिलं होतं.

अन् हे कालचंच न्हाई. तू म्हणतोस दर दुसऱ्या गुरुवारी ते माझ्याकडं येतात. येतात. कशाला येतात ते तुला कधी कळलंच न्हाई. तुझ्याबद्दल बोलायला येतात. शर्ट काढून खुंटीला अडकवला की अकरम. चहा पिताना अकरम. अंजूला पण पाठ झालंय, ती आत तोंडाला पदर लावून हसती. रेडिएटरचा नमुना त्यांनी कागदावर काढून आणला होता अन् पहिलं वाक्य होतं, 'हे अकरमचं डोकं हाय, नीट कर, त्याचं नाव खराब करू नको.' ते मी तुला लिहिलं न्हाई. का लिहावं? माझ्या गॅरेजात, माझ्या स्टुलावर बसून माणूस तुझी आरती करतो, ती मी टपालानं तुला पाठवू?

पिकअपच्या मागच्या फळीवर काय लिहिलंय तुला ठाऊक न्हाई. मी पेंटरला माझ्या गॅरेजचं नाव सांगून आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर उस्तादांनी लिहून घेतलं होतं, 'कारागीर: अकरम, नांदेड.' एवढ्या मोठ्या अक्षरात. आता गिऱ्हाईक येऊन विचारतं, अकरमभाई कुठं हायत. माझ्या गाडीवर, माझ्या गावात, तुझं नाव.

मी एकदा त्यांना विचारलंच. म्हणालो, उस्ताद, हे सगळं अकरमभाईला सांगा की. तर कानाच्या पाळीला हात लावला. म्हणाले, बापाची नजर सगळ्यात आधी लागती. माझ्या थोरल्या भावाला आमच्या अब्बांनी भरल्या दुकानात शाबास म्हटलं, अन् त्याच महिन्यात त्याचा हात मशीनच्या पट्ट्यात गेला. तेव्हापासून मी माझ्या पोराला तोंडावर कधी चांगलं म्हटलं न्हाई, म्हणणार पण न्हाई. पोटात मावत न्हाई तेव्हा इथं येऊन ओकतो.

कळलं? तुझी नजर उतरवायला एवढं लांब यायचं, अन् ऐकायचं मी.

खरं सांगतो, तू सौदीला जावंस असं मला वाटत होतं. म्हणून तर तुझं पत्र वाचून गोड गोड उत्तर लिहिलं. वाटलं, तू गेलास की ते कधीतरी माझ्याकडं बघतील. माझ्या कामाला दोन शब्द बोलतील. काल त्या चढावर कळलं, तसं होणार न्हाई. तू दम्मामला गेलास तर ते दर गुरुवारी येतील अन् रडत रडत तुझंच सांगतील. मला तर मरेपर्यंत सुटका न्हाई.

तेव्हा जायचं तर जा, राहायचं तर राहा. पण मला त्यांच्या प्रेमाचे टोमणे मारू नको. तुझ्या ताटातलं मी काही खाल्लं न्हाई. मला नुसता वास मिळाला.

मल्लिनाथ

*

नांदेड, २० जुलै

मल्लू,

तुझं पत्र आल्यावर मी गॅरेजचं शटर ओढून आत बसलो. बुशरा डबा घेऊन आली तर तिला पण आत घेतलं न्हाई. ती म्हणाली, पत्रात काय हाय. मी म्हणालो, शिव्या हायत.

संध्याकाळी अब्बांना म्हणालो, एक इंजन बघायला चला. कुरकुर करत आले. एक जीप होती, सुरू केली. त्यांनी कान दिला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो, आजवर कधी बघितलं नव्हतं, मी इंजनाकडंच बघायचो. त्यांचे ओठ हलत होते, मल्लू. मनातल्या मनात काहीतरी बोलत होते. माझं लक्ष हाय म्हटल्यावर तोंड वाकडं केलं अन् म्हणाले, 'हं. डबा वाजतोय.' मला असं हसू आलं की आवरेना. ते घाबरले. घरी जाऊन अम्मीला म्हणाले, पोराला कुणीतरी काहीतरी केलंय, मिरच्या ओवाळून टाक. अम्मीनं टाकल्या. लई ठसका आला.

तुझं काही मी त्यांना सांगितलं न्हाई. सांगितलं तर ते लातूरला यायचं बंद करतील, अन् मग मी काय ऐकू. पासपोर्ट पेटीत ठेवलाय. दम्मामवाल्याला न्हाई म्हणून कळवलं. हत्यारांतला मोठा व्हाइस, लोखंड पकडायचा शिकंजा, विकला गेला होता, तो परत आणताना गिऱ्हाइकाच्या पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं.

नवीन गॅसकेट तांब्याचा टाक, सोबत पाठवतोय. स्क्रू अर्धा आटा. फळीवरचं माझं नाव खरवडू नको. त्याच्याखाली तुझं लिही, पण जरा लहान अक्षरात.

जळणं गेलं असं समजू नको. तू त्या उन्हात बोल्ट खोलत होतास अन् तुझ्या कानावर जे पडलं, ते माझ्या कानावर एकदा पडावं म्हणून मी सौदीला निघालो होतो. तू फुकट ऐकतोस अन् वर तक्रार करतोस. आता गुरुवारी ते आले की काय काय बोलले ते सगळं लिहून पाठवत जा. एक शब्द गाळू नको. हसले तर हसले असं लिही.

बदल्यात मी तुला काय देऊ, याचा विचार करून राहिलो होतो. तुला वाटतं ते तुझं नाव काढत न्हाईत. मूर्खा, इथं माझ्या घरी दुसरं काय असतं. मल्लूनं एवढ्यात इंजन उतरवलं असतं. मल्लूच्या हातात बोल्ट मोडत न्हाई. मल्लूची भाकर झाली का. मी सात वर्षं हेच ऐकत जेवलो. तुला कधी लिहिलं न्हाई, अन् सारं आज पण लिहिणार न्हाई, एवढं मोठं काळीज माझं न्हाई. एकच देतो.

मशिदीबाहेर नवं माणूस भेटलं की विचारतं, जहांगीरमियाँ, मुलं किती. अब्बा म्हणतात, दोन. मी मागं उभा असायचो. मी लगेच पुढं होऊन सांगायचो, एकच, अब्बांना मोजता येत न्हाई. भूकंपापासून दर वेळी सांगत आलो. या जुम्म्याला हिमायतनगरचा एक पाहुणा आला होता, त्यानं विचारलं. अब्बा म्हणाले, दोन. अन् सवयीनं माझ्याकडं बघितलं, आता हा बोलणार म्हणून.

मी गप्प बसलो.

अकरम